शेजारची तार

४ नोव्हेंबर
खोली मिळाली. कळव्यात, खाडीच्या अंगाला, हिरवी फरशी, वारा भरपूर. घरमालकीण लक्ष्मीकाकू इथल्याच, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. नाव सांगितले तर म्हणाल्या, सुदेस काय, देशावरचा दिसतोस, जवला खातोस का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग आजपावेतो जगलास कसा.

अंगणात त्यांच्या मुलाचा पाण्याचा टँकर उभा आहे. त्यावर त्याने स्वतः रंगवले आहे: ‘पिण्याचे पाणि’. पहिली वेलांटी. मला हसू आवरले नाही. कधी रंग हाती लागला तर दुरुस्त करीन म्हणतो.

मुलाचे नाव नयन. दोन वर्षांपूर्वी तो या टँकरवरूनच पडला, तेव्हापासून अंथरुणात. बोलत नाही, हलत नाही. त्याची खाट भिंतीच्या पलीकडे, माझी अलीकडे. काकूंची एकच अट: खाट तिथून हलवायची नाही, बाकी भिंतींना ओल आहे. मी हात लावून पाहिला. कोरड्या वाटल्या.

६ नोव्हेंबर
नोकरीचा पहिला आठवडा, ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. चिपच्या आतल्या तारांचे काम. चिपचा आराखडा व्हायच्या आधीच प्रत्येक तार किती लांब जाईल, तिच्यातून सिग्नल पोचायला किती वेळ लागेल, हे अंदाजाने धरतात. आराखडा झाला की खरे आकडे येतात. मी दोन्ही शेजारी ठेवून चुकलेले अंदाज वेगळे काढतो. प्रत्येक तारेला नाव असते आणि नावातले एक अक्षर चुकले तरी जोडणी सुटते. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला. विनिता मॅडमनी माझे शुद्धलेखन पाहूनच मला घेतले. तीन महिने बघू म्हणाल्या. स्पेलिंग चुकले की घरी.

११ नोव्हेंबर
मॅडमनी आज एक गोष्ट समजावली. तारेची नुसती लांबी धरून भागत नाही, तिच्या शेजारी कोण आहे तेही पाहावे लागते. दोन तारा बराच पल्ला अगदी जवळून बरोबरीने गेल्या, की एकीतले दुसरीत उतरते, मध्ये काही जोडलेले नसले तरी. जिच्यातला सिग्नल बदलत असतो त्या हलणारीला अ‍ॅग्रेसर म्हणतात. शांत असते ती व्हिक्टिम. बळी. शेजारच्या टेबलावरचा प्रितम म्हणाला, म्हणजे आमच्या शहाडच्या चाळीतली भांडणं, एका खोलीत कूकर फुटला की दुसरीत बायको रुसते. उपाय दोनच: अंतर वाढवायचे, नाहीतर मध्ये जमिनीला जोडलेली तार घालायची.

१५ नोव्हेंबर
सकाळी काकू धावत आल्या. नयन बोलला. दोन वर्षांतला पहिला शब्द: ‘अंदाजे’. रडत, हसत विचारत होत्या, यो कंचा शब्द रं, आमच्याकरं कोन बोलत नाय असा. मी खाटेवर बसून कामाच्या गोष्टी पुटपुटतो, त्याच त्याच्यात उतरत असणार. मी हलणारी तार, तो शांत. कोणाच्या उपयोगी पडलो असे प्रथमच वाटले. काकूंनी शेजारी बसून वाढले, पाणि स्वतः भरून दिले.

१८ नोव्हेंबर
मागची नोंद वाचत होतो. ‘पाणि’. माझ्याच हाताने, पहिली वेलांटी. शाळेत गुरुजी फळा तपासायला मला उभे करीत. खोडत नाही. लक्षात राहू दे.

२३ नोव्हेंबर
नयनचा आजचा शब्द: ‘माया’. काकूंनी मलाच कुरवाळले. म्हणाल्या, बोलला तर काय बोलला बघ, आयची माया.

माया माझ्या आईचे नाव. ती गेली तेव्हा मी लहान होतो. इथे हे कोणालाही सांगितलेले नाही. भिंतीपाशी पुटपुटलेलोही नाही.

संध्याकाळी डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला बसलो. रोज येतो. आला नाही.

२६ नोव्हेंबर
मॅडमना विचारले, दोन्ही तारा हलत असतील तर बळी कोणती? म्हणाल्या, जिला मागून घट्ट धरणारे कोणी नसते ती.

नयनला काकू धरून आहेत. मला? आईमागे एक मामाच, तो फोन उचलत नाही.

माझा अंदाज उलटा होता.

२८ नोव्हेंबर
कामावर जाण्याआधी खाट दारापाशी ओढली. भिंतीला लोखंडी कपाट लावले, त्याला तांब्याची तार बांधून खिडकीतून खाली जमिनीत पुरली. परत आलो तर खाट पुन्हा भिंतीला. तार गुंडाळून उशीवर ठेवलेली. काकू रागावल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, माजा पोर काल उठून बसला रं. तुझ्या आधीचा भाडेकरू असाच पळाला, तवा नयनची बोटं हलाया लागलेली, ती थांबली. तू शहाणा हायस.

१ डिसेंबर
शहाडला प्रितमकडे गेलो. पण अंतर वाढवले तर पुढचे उतरणे थांबते, उतरलेले परत येत नाहि. चहा समोर निवला. हात उचलायचे सुचलेच नाही. प्रितम म्हणाला, अरे, कधीचा एकाच जागी बघतोयस. काकूंचा फोन त्यानेच घेतला. पत्ता त्यानेच दिला. काकू रिक्षा घेऊन आल्या, तीत मला धरून त्यानेच बसवले – किती जीव लावतात रे तुला, म्हणाला.

४ डिसेंबर
नावांत चुका निघाल्या. सगळे काम परत आले. मॅडमचा फोन – काकू तो पलिकडे घेऊन गेल्या. भिंतीआडून माझा आवाज ऐकला. मॅडम, ताप होता, उद्यापासून येतो, एकही स्पेलिंग चुकणार नाही.

मि बोललो नव्हतो.

७ डिसेंबर
पाय हलत नाहित. उजवा हात अजून – काकू घास भरवतात. मला नयन म्हणतात. सुदेश, मि सुदेश, सांगायला गेलो, जीभ –

९ डिसेंबर
खिडकितून टँकर दिसतो. वर कोणि तरी उभा आहे, हातात ब्रश. माझा शर्ट. खालुन काकू म्हणतात, संबाळून रं बाला.

त्याने वेलांटी खोडली. दुसरी काढली. ‘पाणी’.

कोणती बरोबर, आठवत नाहि.

आईचे नाव – म –

माझे तरी लिहुन ठेवतो. मि