हँडल उलटं फिरलं नव्हतं

गाडी घरी आली त्या दुपारी माझे यजमान म्हणाले होते, "तू बस. दार मी लावतो." त्यांनी ते इतकं हळू लावलं की लागलंच नाही, पुन्हा उघडून लावावं लागलं. आम्ही दोघं हसलो. पुढची सीट अखंड होती, बाकासारखी. मी सरकून त्यांच्या खांद्याला टेकले. ते हसणं मी विसरलेले नाही, हे आधी लिहून ठेवते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून सरळ आहे, डोकंही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जे टाकायचे, ते वारले.

गेल्या आठवड्यात या जातीची शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पेपरात फोटो होता, कामगार तिच्या गोल बॉनेटवर हात ठेवून उभे. तापलेल्या रेक्झिनचा वास, वारा खेळवणारी तिकोनी काच, सगळं आठवून मला रडू आलं. मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "आई, आता आपल्या गाडीला मागणी येईल. कागद माझ्या नावावर करून टाक." सूनबाई कप उचलायला वाकली. तिचं मनगट काळंनिळं होतं. मी तिला विचारलं, उत्तर त्याने दिलं.

"गाडीच्या दारात सापडलं."

गाडी पंधरा दिवस झाकलेली होती. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. गाडीविषयी खरं काय ते. त्या अखंड सीटवरून यजमानांचा डावा हात माझ्यापर्यंत सहज पोचायचा. डॅशबोर्डच्या पत्र्याला डावीकडे पोचा आहे, तो माझ्या कपाळाने पडला. माझ्या डाव्या हाताची तीन बोटं वाकडी आहेत, कारण त्या दिवशीही दार त्यांनीच लावलं. डॉक्टरांनी दर वेळी पट्टी सुरेख बांधली आणि काही विचारलं नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, नाहीतर जखमा नीट दिसाव्यात म्हणून माझा टॉर्च दिला असता.

गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मात्र पोच्यावरून बोट फिरवलं होतं. "ताई, ठोकून सरळ करू?"

"राहू द्या."

"बरं. पण गाडी सुरू करायचं हँडल डिकीत नको. तुमच्या बाजूला सीटखाली ठेवतो."

कलम दोन. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी अंगणात यजमानांनी माझे केस धरून डोकं बॉनेटवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा नऊ वर्षांचा मुलगा मध्ये आला. त्यांनी त्याला लाथ घातली, तो पायरीवर जाऊन पडला, तोंडातून रक्त आलं. मी सीटखालचं लोखंडी हँडल ओढून काढलं आणि त्यांच्या उगारलेल्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा घातलं. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो मी मारला.

सगळ्यांना सांगितलं, हँडल उलटं फिरलं. पटलं, कारण अंगठा बोटांच्या बाजूला न ठेवता मूठ आवळली की हँडल उलटून हात मोडतो, आणि यजमान मूठ आवळूनच धरत. तेही मरेपर्यंत हेच सांगत राहिले. बायकोने मारलं म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. हात त्यांनी पुन्हा उगारला नाही. गाडी मी चालवायला लागले.

मुलालाही मीच पढवलं, "कोणी विचारलं तर हँडल उलटं फिरलं म्हण." मारायचं कसं, हे तो बापाचं बघून शिकला. मारल्यावर सांगायचं काय, ते माझ्याकडून.

कलम तीन. माझ्या नावावरचं राहतं घर, त्यातलं सामान आणि ही गाडी सूनबाईला द्यावी. मुलाला घरात ठेवायचं की नाही, हे तिने ठरवावं. मुलगा कामावर गेल्यावर मी तिला गाडी शिकवते आहे. "आई, मला जमेल का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "क्लच हळू सोड. बाकी काही हळू करायची गरज नाही."

कलम चार. मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ. त्या मनगटावर ते पुन्हा कधी नीट बसलं नाही. बाळा, त्या दिवशी तू माझ्यासाठी मध्ये आला होतास. तो मुलगा मला अजून दिसतो, म्हणूनच घर तुला देत नाही.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. डॉक्टर २. मिस्त्री (दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या. डॉक्टरांनी चष्मा दोनदा पुसला.)
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: शेवटची गाडी निघाल्याच्या आठव्या दिवशी

ता. क. एक राहिलं, म्हणून तिघेही खाली पुन्हा सही करत आहोत. हँडल गाडीबरोबर सूनबाईला. गाडी हल्ली किल्लीने सुरू होते, तरी ते डिकीत टाकू नये. चालवणारीच्या सीटखाली असावं. आणि गाडीचं दार तिचं तिने लावावं.