ठणठणीत गाव

दि. ९ ऑक्टोबर, दुपार

चि. ठमाबाईस,

मावशीचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण तू 'मजेत' म्हणणार आणि मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

हाताशी फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. अगं, तुझा फोन आला की तुझी आई मला स्पीकर लावायला लावते आणि शेजारी ठाण मांडून बसते. मी जरा काही वेगळं बोलायला लागले की तिचे डोळे बारीक होतात. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून मी लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आता मला स्वतःला एक मोकळी लाईन मिळत नाही. सध्या ती झोपली आहे. उठायच्या आत होईल तेवढं लिहिते.

आधी साध्या बातम्या. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा बदलला. शेजारच्या मांजरीने आपल्या कपाटात पिल्लं घातली, तीही तू पाठवलेल्या लोकरीच्या स्वेटरवर. तुझी आई म्हणते, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडला. बेकरीवाल्याने दुकान बंद केलं. त्याचीही मुलं लांब गेली, भट्टीपुढे उभं राहवत नाही म्हणाला. आता पाव हवा तर मोठ्या रस्त्यापर्यंत जावं लागतं. शाळेच्या अर्ध्या खोल्यांना कुलूप आहे, आणि औषधाच्या दुकानात मात्र रांग असते.

आता मुद्द्याचं. परवाच्या सभेचं तुझ्या त्या चष्मेवाल्या सहकाऱ्याने ऑफिसात कळवलं असेलच. आपलं स्वतःचं गाव म्हणून तू त्या सभेला आली नाहीस, ते बरोबरच केलंस. पण त्याने लिहिलं असेल, 'गावकऱ्यांनी सर्वेक्षणातील उत्तरांबाबत फेरविचाराची विनंती केली.' म्हणजे काय झालं ते त्यात कुठेच नसणार. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी सांगते.

उन्हाळ्यात तुमच्या आरोग्य विभागाची माणसं सर्वेक्षणाला घरोघर फिरली, तिथपासून सुरू करावं लागेल. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला तेच प्रश्न. आंघोळ स्वतः करता का, जिना चढता का, हात न टेकता खुर्चीतून उठता का, औषधं आठवणीने घेता का. ज्या गावात माणसं जास्त अडलेली, तिथे घरी येणारी नर्स आधी, व्यायाम करून घेणारी आधी, दवाखान्यात नेणारी गाडी आधी. मला तुझा तो विचार फार आवडला होता. म्हाताऱ्यांनी धडपडत दवाखाना गाठण्याऐवजी दवाखान्यानेच त्यांचं दार ठोठावावं, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि ते डोकं आमच्या ठमीचं. पेपरात आलेलं ते पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. मांजरीलाही ते वाचायला मिळतं.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात राहिली नाही. या गावातली साठी-सत्तरीतली बहुतेक मंडळी शाळेत तुझ्या आईच्या हाताखालून गेलेली आहेत. कागद घेऊन कुणी प्रश्न विचारायला आलं की त्यांना सर्वेक्षण दिसत नाही, परीक्षा दिसते. पहिल्या गल्लीतून प्रश्न फुटले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर तयारी सुरू. छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून उठायचा सराव चालला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. वायरमनचे दोन्ही गुडघे गेलेत, तर त्याने घरच्या खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे कमी उठावं लागेल. औषधवाल्याने केस काळे केले. म्हटलं, अरे, ते केस नाही तपासणार. तर म्हणतो, एकूण छाप चांगली पडते.

आणि प्रत्येकजण एकच विचारायचा, "बाईंनी काय सांगितलं?"

बाईंनी सांगितलं होतं, सगळं माझं मी करते. झालं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना सगळं जमतं, मग सत्तरीतली ही पोरं 'जमत नाही' म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? अख्खं गाव पैकीच्या पैकी. तुमच्या विभागातलं सगळ्यात ठणठणीत गाव म्हणून आमचा नंबर आला तेव्हा वायरमनने सगळ्यांना चहा पाजला. मग योजनेचा मसुदा आला आणि त्यात आम्ही सगळ्यात शेवटी. घरी येणारी नर्स नाही, गाडी नाही. तीन महिन्यांतून एकदा फिरतं पथक येऊन रक्तदाब बघून जाणार. चहा सगळ्यांच्या घशात अडकला.

तू म्हणशील, पण आईला तर खरंच सगळं जमतं. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा ती दारात उभी होती. हो, होती. सकाळी मी तिला तिथे नेऊन बसवलं होतं आणि तुझ्या गाडीचा आवाज आल्यावर उठवून उभं केलं होतं. तू चहा पिऊन, डोळे भरून तिच्याकडे बघून, 'आई, तू कमाल आहेस' म्हणून गेलीस. त्यानंतर दोन दिवस ती पलंगावरून उठली नाही.

रागावू नकोस. तिने मला शपथ घातली होती. ती असं का वागते, हे मी एकदा स्पष्ट विचारलं. म्हणाली, "मुलगी योजना करते आणि पहिली नर्स तिच्याच आईच्या दारात, असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. तिच्या कामाला माझ्यामुळे बट्टा लागता कामा नये." मला इतकी चीड आली की मी घासलेलीच भांडी परत घासली. पण चीड येऊनही मनात म्हटलं, हिच्यासारखी हीच.

तर सभा. शाळेचा मोठा वर्ग, तोच, खिडकीशी तू बसायचीस तो. तुझा चष्मेवाला सज्जन माणूस आहे. पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले, गावाचं अभिनंदन केलं. या शहाण्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग वायरमन चाचरत म्हणाला, "साहेब, ते ठीक आहे, पण नर्स कधीपासून येणार?"

"तुम्हाला गरज नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय ना," तो म्हणाला. कुजकट नव्हतं त्याचं, खरंच गोंधळला होता.

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग पहिल्या रांगेतून तुझी आई म्हणाली, "मला बोलायचंय."

"बसूनच बोला, आजी."

"शाळेत बसून उत्तर देत नाहीत," ती म्हणाली.

तिने काठी खाली जमिनीवर ठेवली आणि पायाने पुढे ढकलली, हात पोचणार नाही इतकी. मी मागून उठले, तर मान न वळवताच मला म्हणाली, "हात लावायचा नाही." आणि छातीवर हातांची घडी घालून उठायला लागली.

ठमे, ते मी तुला कसं सांगू. पहिल्यांदा ती नुसती पुढे झुकली. दुसऱ्यांदा जरा उचलली गेली आणि धपकन परत बसली, चष्मा नाकावर घसरला. अख्खा वर्ग अर्धा उठला, ते सगळे पांढऱ्या केसांचे विद्यार्थी. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "बसा." बसले सगळे. तिसऱ्यांदाही तिने प्रयत्न केला. तिसऱ्यांदाही खुर्चीतच पडली. ज्या बाईने या गावाला पाठ ताठ ठेवायला शिकवलं, ती त्यांच्या सगळ्यांच्या देखत खुर्चीतून उठू शकली नाही, आणि हे तिने मुद्दाम दाखवलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाज वाटून नव्हे, अभिमानाने. मला एवढी मोठी ती कधीच दिसली नव्हती.

धाप ओसरल्यावर ती म्हणाली, "साहेब, हे माझं खरं उत्तर. आधीचं खोटं होतं. आणि या सगळ्यांनी माझं बघून लिहिलंय. कॉपी करताना मूळ चूकही उतरवायची यांची सवय जुनीच आहे."

कुणीतरी मागे हसलं. तिला तेच हवं होतं, सगळ्यांचं ओझं उतरावं म्हणून. पण मग ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही विचारलंत, आंघोळ स्वतः करता का. मला आंघोळ घालतं कोण, हे तुमच्या कागदावर नाही. ही घालते, माझी बहीण. मला उचलते, बसवते, जिना चढवते. त्यात हिचा डावा खांदा गेला. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय, आणि ही तारीख पुढे ढकलत बसली आहे. हिला वाटतं मला ठाऊक नाही. मी धडधाकट दिसावी म्हणून ही मोडत चालली आहे, आणि माझ्या उत्तरात ही कुठेच नाही. मला नर्स नाही मिळाली तरी चालेल. हिला मिळाली पाहिजे."

हे मी तुला सांगणार नव्हते. फोनवर कधी सांगितलं नाही, आणि हे पत्र लिहायला बसतानाही तुझ्या आईचंच लिहायचं ठरवलं होतं. पण त्या सभेचं सांगायचं तर हे गाळून सांगता येत नाही. मला वाटायचं, रात्री कुशीवर वळताना मी दात आवळते ते तिच्या कानावर जात नसेल. ती ऐकत होती.

त्यानंतर एकेकाचं तोंड उघडलं. वायरमनने उशांचं सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, दुकान मी दमून बंद केलं नाही, हात थरथरतात आणि दोनदा भाजलो. औषधवाल्याने तर कहर केला. म्हणाला, मला बाटलीवरची अक्षरं दिसत नाहीत, रंगावरून देतो. निम्म्या गावाने त्याच क्षणी आपापल्या खिशातल्या गोळ्या बाहेर काढून बघितल्या. तुझ्या सहकाऱ्याने पडदा बंद केला, खुर्ची ओढून सगळ्यांच्या मध्ये बसला आणि नुसतं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, पाहणी पुन्हा करू, आणि या वेळी तुमच्यासाठी हे कोण करतं हेही विचारू, फक्त इथे नाही, सगळ्या गावांत. त्याच्याशी चांगली वाग. असे फार नसतात.

घरी येताना ताई फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "जास्त बोलले का गं?"

मी म्हटलं, "नाही, ताई."

आता ऐक. गावासाठी मी तुझ्याकडे काही मागत नाही. तसं केलं तर तुझी आई मला घराबाहेर काढेल. नव्या पाहणीत जे निघेल त्यावरून ठरवा, आणि आमच्याहून अडलेलं गाव असेल तर त्याला आधी द्या. योजना तुझी उत्तम आहे. माणसंच नाटकी निघाली, त्याला तू काय करणार.

पण ऑपरेशनची तारीख मी काल घेतली, या महिन्याच्या अखेरीची. पुढे काही आठवडे हात गळ्यात बांधलेला राहील. तोवर नर्स यायला सुरुवात होणार नाही, आणि ताईला आंघोळ घालायला कुणीतरी हवं. ती परक्या माणसाला तयार नव्हती. तुझं नाव काढलं तर तिने विचारलं, "तिला जमेल का?" मी म्हटलं, तिने एवढ्या मोठ्या मुलखाची योजना केली, एका आईला आंघोळ घालेल की. तर म्हणते, "योजना वेगळी आणि साबण वेगळा."

म्हणून सांगून ठेवते. पाणी तिला कढत लागतं, तुला चटका बसेल. पाठीपासून सुरुवात कर, चेहरा शेवटी. आणि अंगावर पाणी पडायला लागलं की ती मोठ्याने पाढे म्हणते. संकोच वाटतो ना, म्हणून. मध्ये बोलू नकोस. एकोणतीसचा चुकतो, दुरुस्त करू नकोस.

ती उठली आहे. काय लिहितेस म्हणून विचारलं, आणि मला खोटं बोलता येईना, म्हणून सगळं वाचून दाखवलं. दाराचं, आंघोळीचं, सगळं. मला वाटलं आता कागद फाडायला लावते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळं माझंच लिहिलंयस. तुझं काय ते लिही."

मी म्हटलं, माझं लिहिण्यासारखं काय आहे. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत अजून बसून आहे, आणि मी लिहिल्याशिवाय हलणार नाही असं दिसतं. तेव्हा लिहिते. लवकर ये.

तुझी
थकलेली मावशी