शमूच्या सदऱ्याचं माप

लोहा, ता. कंधार
२६ सप्टेंबर १९८२

चि. अमृत यास,
प्रभूच्या नावे अ. आ. व सलाम.

तुझं पत्र पोचलं. आता तू जिल्ह्याच्या गावचा माणूस झालास, तेव्हा थोरल्या बहिणीला ओळख दाखवलीस हेच पुष्कळ. कावेरी लिहिते की जेवायला बसलास तरी तुझ्या कोपरापर्यंत रंग असतो, आणि पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' लिहिता लिहिता तुझा हात सुजलाय. सुजू दे, पण वेलांट्या नीट काढ. लहानपणी उलट्या काढायचास, मला आठवतं.

इकडं पाऊस नाही. ज्वारी वीतभर आली आणि तिथंच थांबली. देवळाच्या आवारातली विहीर आटली. बाया दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडतात, म्हणून शुक्रवारची स्त्रियांची सभा आता दिवेलागणीला घेतो. नव्या पाळकांनी पावसासाठी उपास-प्रार्थना ठेवली आहे. मी मंडळीची बायबलबाई, त्यामुळं ती मलाच चालवावी लागते. उपासाचं कुणाला जड जात नाही, घरोघर अर्धा उपास चालूच आहे.

आता खरं ते लिहिते. पाळकांकडे निरोप आला की आपला शमू उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शिक्षणाला परत गेलाच नाही. मला वाटत होतं तो सुट्टीतही तिथंच राहून पाळक व्हायला शिकतोय, तिथल्या शिक्षकांना वाटत होतं आईजवळ आहे. निरोप ऐकून मी घरी आले आणि डाळ निवडायला बसले. सगळी निवडली. रडू आलं नाही, राग आला नाही. अजूनही काही येत नाही.

लग्नानंतर कितीतरी वर्षं मला मूल नव्हतं, तुला ठाऊक आहे. मी देवाजवळ बोलले होते की मुलगा दिलास तर तुझ्याच सेवेला देईन, आणि दिला. तान्हा असताना सगळ्या मंडळीसमोर पाळकांच्या हातात ठेवला. तू तिथंच उभा होतास. दिलेली वस्तू आपण शेजाऱ्याकडं परत मागत नाही, मग देवाकडं कोणत्या तोंडानं मागू? म्हणून मी शमूसाठी प्रार्थना करत नाही. ज्याचा आहे तो बघेल. तुझ्या कानावर काही आलं तर तेवढं कळव.

कावेरीला सलाम, लेकरांना मुके. पाऊस नाही तर नाही, लोभ तरी राहू दे.

तुझी आक्का,
धुरपता

लातूर
१८ ऑक्टोबर १९८२

ती. आक्कास,
अमृतचा सा. सलाम वि. वि.

पत्र उशिरा मिळालं, कारण पाकिटावर तू अजून 'जि. उस्मानाबाद' लिहितेस आणि ते तिकडून फिरून आलं. मी अख्ख्या जिल्ह्याच्या पाट्या बदलतोय आणि माझ्याच घरची माणसं ऐकत नाहीत.

शमू सापडला. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण मला थट्टेनं सुरुवात करायची खोड आहे. अहमदपूरला तहसीलच्या पाट्या रंगवायला गेलो होतो. एसटी स्टँडजवळ पाण्याचा टँकर उभा होता आणि त्यावर चढून एक उंच पोरगा पाईप गुंडाळत होता. पाठमोरा होता. मला वाटलं, ग्यानोबा दाजीच. तेच खांदे. दाजी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तोंडून हाक गेली ती दाजी अशीच. वळला तर शमू.

प्रकृती चांगली आहे. उन्हानं काळा पडलाय. टँकरबरोबर गावोगाव जातो. मी आधी रागावलो, मग चहा पाजला, मग विचारलं. तो म्हणाला की मामा, तिथं समदे म्हणत्यात देवानं हाक मारली म्हणून आलो, मला तर कवाच काही ऐकू आलं न्हाई. आईनं दिलं असंल, मी कुठं दिलंय? खोट्या प्रार्थना लई दिवस केल्या, आता होईनात, असंही म्हणाला. माणसांच्या घागरीत पाणी पडतं तेवढं खरं वाटतं म्हणे.

निघताना त्यानं विचारलं की प्रार्थनेत आई माझं नाव घेती का. मी हाव म्हणून ठोकून दिलं. आक्का, पाटीवर चूक झाली तर रॉकेलच्या बोळ्यानं पुसता येते. हे कसं पुसू? त्याला नाताळाला घरी बोलव, म्हणजे माझा शब्द तरी खरा होईल.

कावेरीचा सलाम. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
अमृत

लोहा
९ नोव्हेंबर १९८२

चि. अमृत यास,
अ. आ. व सलाम.

या वेळी पाकिटावर लातूर जिल्हा लिहिलाय, खूश हो.

शमू बरा आहे, हे दोनदा वाचलं. मग शेळीला पाला टाकला. वाटलं होतं की कळलं म्हणजे आत काहीतरी हलेल. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात ना, तसं आहे. बोट लावलं तर कळतं की गाल आहे, एवढंच.

इथल्या किराणा दुकानातल्या नागम्माला तू ओळखतोस. गळ्यात लिंग, सोमवार चुकवत नाही. तिच्या लेकीचे दिवस भरले होते. मला म्हणाली की आमच्या देवाला मी सांगितलंच हाय, तुमच्याबी देवाला सांगून ठिवा. तिथंच तांदळाच्या पोत्याला टेकून मी प्रार्थना केली. लेक सुखरूप सुटली, मुलगी झाली. नागम्मानं गूळ पाठवला आणि गावभर सांगितलं की धुरपताबाईचं बोलणं वर पोचतं. मला हसूही आलं नाही. मी टपालाच्या पेटीसारखी झालेय, सगळ्यांचं पुढं जातं आणि पेटी जागेवरच.

आमच्या सभेची रीत तुला माहीत आहे. गोल बसून प्रत्येकीनं मनातलं मागणं सांगायचं आणि मग मी सगळ्यांची मिळून प्रार्थना करायची. परवा कुणी नवऱ्याच्या दारूचं बोललं, कुणी सासूच्या डोळ्याचं. शेवटी एकीनं विचारलं की बाई, तुमचं काय? मी पाऊस म्हणाले. सगळ्या आमेन म्हणाल्या. पाऊस हवा आहे, त्यात खोटं नाही. पण ते माझं मागणं नव्हतं.

त्याला बोलावणार नाही. बोलावलं आणि आला, तर देवाला दिलेलं मीच हातानं ओढून घेतल्यासारखं होईल. आणि बोलावलं आणि आलाच नाही, तर? हेही लिहून टाकते, तुझ्याशिवाय कुणाला लिहू.

लेकरांना जप. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी आक्का,
धुरपता

लातूर
५ डिसेंबर १९८२

ती. आक्कास,
सा. सलाम वि. वि.

पुन्हा अहमदपूरला जाऊन आलो. शमू महिनाअखेर एका ड्रायव्हरबरोबर हैदराबादेला निघालाय. तिकडं ट्रकवर काम आहे म्हणतो. एकदा तिकडं गेला की पत्ता नाही, ठिकाण नाही. तेव्हा आता मी स्पष्ट बोलतो. मी देवळात डुलक्या घेणारा माणूस, मला शास्त्र कळत नाही असं तू नेहमी म्हणतेस. म्हण. पण हे ऐक.

बायबलातल्या ज्या आईसारखा नवस तू केलास, तिची गोष्ट तू घरोघर वाचतेस, पण मुलगा मंदिरात नेऊन देईपर्यंतच वाचतेस आणि पुस्तक मिटतेस. पुढं आणखी आहे. कावेरीनं मला दाखवलं. ती बाई दरवर्षी त्या मुलासाठी एक लहान झगा शिवायची आणि घेऊन जायची. देऊन मोकळी झालेली बाई दरवर्षी सुई कशाला हातात धरेल? पोर यंदा किती वाढलं असेल, हे मनात आणल्याशिवाय झगा बेतता येत नाही. म्हणजे वर्षभर तिच्या मनात तोच होता. आणि देव तिला एका शब्दानं बोलला नाही.

आभाळ देवाचंच आहे, पाऊस नाही हे त्याला तू सांगायला नको. तुला जे हवंय ते मात्र तू त्याच्यापासूनच झाकून ठेवलंस. त्याला काय आवडेल हे ठरवून बोलतेस, सरकारी साहेबासमोर बोलावं तसं. शमू तरी वेगळं काय म्हणाला? त्यानं खोट्या प्रार्थना थांबवल्या. तू चालू ठेवल्यास.

जास्त बोललो असेन तर कान धर. धरायला इकडं ये, म्हणजे भेट तरी होईल.

तुझा,
अमृत

लोहा
१९ डिसेंबर १९८२

चि. अमृत यास,
अ. आ. व सलाम.

तुझं पत्र वाचून राग आला. कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं, म्हणून तोही बरा वाटला. कान धरायला सवडीनं येईन.

दुसऱ्या दिवशी कापड घेतलं, पांढऱ्यावर निळी बारीक रेघ. बसलिंगप्पा शिंप्याकडं गेले आणि सदरा शिवायचाय म्हणाले. त्यानं टेप गळ्यातून काढला आणि विचारलं की कुणाचा? मुलाचा म्हणाले. माप किती, म्हणाला.

अमृत, मला माप माहीत नव्हतं. शेवटचा सदरा शिवला तेव्हा तो शाळेत होता. आता तू लिहितोस की खांदे त्याच्या बापासारखे झालेत. मी हात वर करून उंची दाखवायला गेले आणि हात कुठं थांबवायचा तेच कळेना. बसलिंगप्पा पेन्सिल धरून वाट बघत होता. माझ्या तोंडून माप आलं नाही. देवा, माझं लेकरू मला दे, एवढंच आलं. मोठ्यानं आलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. मी तिथंच खाली बसले आणि तेच पुन्हा म्हणाले. पावसाचं नाही, मंडळीचं नाही, आमेनसुद्धा नाही.

बसलिंगप्पानं पेन्सिल खाली ठेवली आणि गिऱ्हाइकांना नंतर या म्हणून सांगितलं. मग म्हणाला की आक्का, अंदाजानं शिवतो, बाह्यांत अन् बगलंत कापड मुडपून ठिवतो, पोरगं आलं की उसवून सोडता येतंय.

घरी आल्यावर पुन्हा सगळं होतं तसंच. उजेड पडला, मन हलकं झालं, असं सभेत बाया सांगतात तसं काही झालं नाही. गुडघे दुखत होते. पण जे बोलले ते बोलले, आणि ते माझं होतं.

नागम्माचा नवरा माल आणायला अहमदपूरला जातो, त्याच्या हाती सदरा शमूकडं धाडते आहे. सोबत चिठ्ठी नाही, लिहिता आली नाही. तू भेटलास तर सांग.

नाताळाचे आशीर्वाद सगळ्यांना. मी रागावते म्हणून लिहायचं सोडू नकोस.

तुझी आक्का,
धुरपता

अहमदपूर
२ जानेवारी १९८३

ती. आईस,
शमूचा सा. सलाम वि. वि.

सदरा मिळाला. नाताळाला घातला होता, देवळात गेलो नाही, टँकरवरच होतो. पाण्याला आलेल्या बायांनी विचारलं की आज काय सण आहे.

बाह्या आखूड होतात आणि बगलेत आवळतो. मामा म्हणतात परत पाठवून मोठा करून घे. मी नको म्हणालो.

हैदराबादेचं पुढच्या आठवड्यावर गेलंय. मी पाळक होणार नाही, आई. हे तुला समोर येऊन सांगायचं धाडस नव्हतं म्हणून सुट्टी लागली तसा घरी न येता इकडं आलो.

मामांनी सांगितलं की तू शिंप्याच्या दुकानात बसून देवाकडं मला मागितलंस. खरं असेल तर एक लिही. मी पाळक व्हावा म्हणून मागितलंस, की नुसतंच?

उत्तर आलं नाही तरी राग धरणार नाही. तूही धरू नकोस.

तुझा,
शमू

लोहा
६ जानेवारी १९८३

चि. शमूस,
अ. आ.

नुसतंच.

सदरा तसाच अंगात घालून ये. आत कापड सोडलेलं आहे.

तुझी वाट पाहणारी,
आई