रबरी नळीचा आठवडा

प्रिय धाकट्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘मीटिंगमध्ये काय तमाशा झाला ते सविस्तर कळव, तेवढंच हसू’ असं लिहिलंयस. कळवते. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. शिवणाच्या टेबलावरच बसलेय, तेव्हा पाकिटातून दोरे निघाले तर झटकून टाक.

आधी बाबांचं. खुब्याचं हाड जुळलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता बिनधास्त बाहेर हिंडू दे त्यांना. बाबा हिंडतात, फाटकापर्यंत. तिथे काठी टेकून उभे राहतात आणि समोर बघतात. समोर घड्याळवाले काका दुकानाच्या पायरीवर अजून दोन खुर्च्या मांडतात. अकरा वर्षं रोज चारच्या ठोक्याला बाबा रस्ता ओलांडून तिकडे जायचे, गेले अडीच महिने एकदाही नाही. काका एकटे, गिऱ्हाईक टाकून त्यांना इकडे येता येत नाही. मग दोघं म्हातारे नुसते हात हलवतात. मी हात धरून नेते म्हटलं, तर बाबा म्हणाले की रस्ता पूर्वीपेक्षा रुंद झालाय. बारा पावलांचा रस्ता रे तो! मी तोंड फिरवून मशीनवर जाऊन बसले.

तर तमाशा. शाळेच्या वर्गात बोलावलं होतं सगळ्यांना, लहान मुलांच्या बाकांवर. गल्लीतली मोठमोठी माणसं गुडघे कानाला लावून बसलेली, आणि तोंडं अशी की जणू न्यायनिवाडा करायला आलेत. विषय एकच, आपल्या रस्त्यावरची वेगमर्यादा पन्नासवरून तीस करायची की नाही. तीसच्या बाजूचा पुढारी आपला दातांचा डॉक्टर. माणसाला तोंड उघडं ठेवून बसलेल्यांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देऊ शकतो हेच तो विसरलाय. चाळीस मिनिटं बोलला. पन्नासच्या बाजूचा पुढारी हॉर्न. हो, तोच तुझा दोस्त, व्यायामशाळावाला, जो स्वतःच्याच फाटकाबाहेर हॉर्न वाजवत बसतो, बायको हातातलं काम टाकून येईपर्यंत. त्याचं म्हणणं, तीस केलं तर वेळ वाया जाईल. गणिताच्या निवृत्त बाईंनी तिथल्या तिथे फळ्यावर मांडून दाखवलं की आपली गल्ली चारशे मीटरची, फरक पडतो एकोणीस सेकंदांचा. एकोणीस! आणि हा गृहस्थ रोज सकाळी गाडीवर पडलेल्या पानाचा डाग पुसत तिच्या काचेत अर्धा तास स्वतःला बघत असतो. त्याला एकोणीस सेकंदांची चणचण! मग त्याने विरोधातल्या सह्यांचा कागद फडकावला. त्यात तुझीही सही आहे. तू इथे राहत नाहीस, तरी ‘रस्ते गाड्यांसाठी असतात’ असा शेरासुद्धा मारलायस. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं.

पण खरी मजा पुढेच आहे. वाहतूक खात्याने आठवडाभर आपल्या फाटकासमोर रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी टाकली होती, आठवते ना? चाक वरून गेलं की खांबाला बांधलेल्या पेटीत वेळ आणि वेग टिपला जायचा. लोक किती जोरात हाकतात ते कळावं म्हणून. आणि ज्या शहाण्यांनी सहा महिने अर्ज करकरून ती नळी मागवली, त्यांनीच पहिल्या दिवशी घरोघर फोन केले की बाबांनो, मोजणी चालू आहे, हळू चालवा, आपल्या गल्लीची शोभा नको! परीक्षेला बसल्यासारखे सगळे आठवडाभर गोगलगाईच्या चालीने गेले. दातांच्या डॉक्टरने तर गाडीच काढली नाही. खात्याच्या इंजिनिअरने मीटिंगमध्ये वाचून दाखवलं की सरासरी वेग सत्तावीस, इथले नागरिक अतिशय शिस्तप्रिय, सबब मर्यादा कमी करायची गरजच नाही. आणि या मूर्खांनी टाळ्या वाजवल्या! डॉक्टरनेही वाजवल्या, आपण हरलोय हे त्याच्या डोक्यात शिरायला चांगलं एक मिनिट लागलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन वर टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

हसतोयस ना? थांब. त्या फोन करणाऱ्यांत मीही होते. बावीस घरं माझ्या वाट्याला आली होती. मला वाटलं, लोक आपले, गल्ली आपली, उगाच चारचौघांत नाचक्की कशाला. म्हणजे इतरांना मूर्ख म्हणताना मी काही वेगळ्या बाकावर बसलेली नाही. तेविसावा फोन मी तुला केला होता, तू रविवारी येणार होतास म्हणून. तू काय म्हणालास ते आठवतंय? म्हणालास, त्या नळीला बिचारीला कंटाळा आला असेल, जरा गंमत दाखवू तिला. मी हसले होते. तुझ्या असल्या बोलण्यावर मी लहानपणापासून हसत आलेय, आईच्या नाकावर टिच्चून हसत आलेय.

इंजिनिअरने शेवटी एक आकडा बाजूला काढला. रविवार, संध्याकाळी पाच पंचवीस, वेग त्रेसष्ट. म्हणाला, बाकीचे आकडे बघता ही यंत्राची चूक असणार, आम्ही ती धरलेली नाही. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. सगळ्यांना सोयीचं. मी तेवढी वेळ हातावर लिहून घेतली, धाकट्या. बाबा त्याच रविवारी पडले, हे त्या वर्गात कोणालाच आठवलं नाही, कारण बाबांनी सगळ्यांना सांगितलंय की पाय घसरला. तूही दवाखान्यात संत्री घेऊन आलास आणि फुटपाथच्या निसरड्या फरशीवरून कॉर्पोरेशनचा उद्धार केलास. तक्रार लिहितो म्हणालास. बाबा डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपलेत.

मीटिंगहून मी सरळ काकांकडे गेले. तुला ठाऊक आहे, काही घडलं की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळावर जाते, माणसावर नंतर. बाबा किती वाजता पडले विचारलं. पाच पंचवीस, म्हणाले. पुढचं सांगेनात, बाबांनी शपथ घातली होती. मी खुर्ची ओढून बसले आणि हलले नाही. शेवटी म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि सांगितलं. तू निरोप घेऊन निघालास, गल्लीच्या टोकाला गाडी वळवायला गेलास. मी कमरेला सैल करून दिलेली तुझी पँट पिशवीसकट सोफ्यावरच राहिली होती. मी आत चहाच्या कपबश्या विसळत होते. बाबांनी पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर जाऊन फुटपाथवरून खाली उतरले, तू वळून परत येशील तेव्हा हातात द्यावी म्हणून. काठी घरातच. पिशवी हलवत उभे राहिले. तुझी नजर नळीवर होती.

गाडी त्यांना लागली नाही, पिशवीला लागली. मागे सरकताना ते पडले. तुला खरंच काही कळलं नाही, हे मला मान्य आहे, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. ती पिशवी मी त्या दिवशी रस्त्यातून उचलली होती. वाटलं, नंतर कोणाच्यातरी चाकाखाली आली असेल. काल कपाटातून काढून बघितली. पिशवी फाटलीय आणि आतल्या पँटच्या दोन्ही पायांवर आडवा टायरचा पट्टा आहे. धुतलेली नाही.

बाबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले की पोराला सांगू नकोस, त्याला आयुष्यभर गाडी चालवायची आहे. अडीच महिने तुला सांभाळून घेतलंय त्यांनी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी हॉर्नच्या आईबद्दल किती वेळा म्हटलंय!

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फेरसुनावणी आहे. मी उभी राहणार आहे. लोक आठवडाभर का हळू गेले ते सांगणार, बावीस फोन मी केले हेही सांगणार, आणि यंत्र चुकलेलं नाही, तो त्रेसष्टचा आकडा आमच्या घरचा आहे, हे सांगणार. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी कळवलंही नसतं. मी बोलायच्या आत तुला स्वतः उभं राहून सांगायचं असेल तर ये. पण गाडी मोठ्या रस्त्यावर ठेव आणि चालत ये, चारच्या आत. बाबा फाटकाशी उभे असतील. त्यांचा हात धर आणि त्यांना पलीकडे काकांच्या खुर्चीपर्यंत पोचव. ते सावकाश चालतील, घाई करू नकोस.

अजूनही तुझीच,
ताई