‘येते’ म्हणावं

१८ ऑगस्ट १९७९, शनिवार

भोपाळ! सकाळी गाडीतून उतरलो आणि संध्याकाळपर्यंत खोली मिळालीसुद्धा. माझ्या आयुष्यात असं कधी घडलेलं नाही.

पुण्याच्या मालकिणीनं दोरीवरचा परकर पाहून विचारलं होतं, तुमच्याकडे कोण बाई येते? बाई येत नाही, परकर माझाच आहे, असं खरं सांगितलं तर म्हणाली की त्यापेक्षा बाई आली असती तर चाललं असतं. नागपूरच्या लॉजवाल्यानं माझी ट्रंक रस्त्यावर फेकली, संस्कृतीवर भाषण दिलं आणि माझी इरकली मात्र ठेवून घेतली. त्याच्या बायकोला छान दिसत असेल. संस्कृतीचं रक्षण हे असं होतं.

कारखान्याची ही टाउनशिप म्हणजे पिवळ्या रंगात बुडवून काढलेली माणसांची वखार आहे. सगळी क्वार्टर्स एकसारखी, आणि नवरा ज्या ग्रेडचा त्या ग्रेडची त्याच्या बायकोच्या हसण्याची रुंदी. माझी खोली नीळकंठराव पाटणकरांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगाला आहे. ते कारखान्यात फोरमन आहेत. पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे, पण इथले नियम नोटीस बोर्डापुरते. पत्नी मनोरमाबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. घर सांभाळते त्यांची विधवा बहीण, रत्नप्रभाअक्का. अक्कांनी पोहे दिले आणि म्हणाल्या, विनायकराव, अपनाच घर समजा. पोह्यांत बडीशेप होती. इंदूर-भोपाळकडे राहून मराठी माणूस असा बिघडतो.

२५ ऑगस्ट, शनिवार

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रुजू झालो. इथली मंडळी पेन्सिलीला टोक करण्यात सकाळ घालवतात आणि टोक मोडण्यात दुपार. माझ्या शेजारचा गोपीनाथ खरे हा मराठी मंडळाचा चिटणीस, म्हणजे गावच्या चौकशांचं सरकारमान्य केंद्र. त्यानं पहिल्याच दिवशी माझं लग्न, गोत्र आणि पगार विचारला.

जवाहर चौकात जाऊन एक जांभळी माहेश्वरी घेतली. दुकानदारानं विचारलं, भाभीजी का रंग कैसा है? म्हटलं, बिल्कुल मेरे जैसा.

आज दुपारी कडी लावून ती नेसलो. होय, नेसलो. ‘नेसले’ नाही. मला बाई व्हायचं नाहीये, मला साडी नेसायची आहे. नेसायची, आरशात बघायचं, चहा प्यायचा, आणि मग सोडून नीट घडी घालून ठेवायची. यातलं घडी घालणंही मला नेसण्याइतकंच आवडतं. हे कुणाला समजावून सांगत बसण्यात अर्थ नाही, म्हणून इथे लिहितो.

तर कडी निघाली कुचकामी. अक्का ताक घेऊन आत आल्या. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. त्यांनी ताक ठेवलं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, निऱ्या वर आल्यात, पायघोळ नेसावी. मग गुडघ्यावर बसून त्यांनी माझ्या निऱ्या सारख्या केल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

२८ ऑगस्ट, मंगळवार

आता रोज कामावरून आलो की साडी नेसून त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला जातो. नीळकंठराव एक पाट पुढे सरकवतात, तोही नेहमी तोच, खिडकीजवळचा. सदाशिव पेठेतल्या त्या शिष्ट म्हशीला हे दाखवायला हवं होतं.

काल उठताना सवयीप्रमाणे ‘येतो’ म्हणालो. अक्का हसल्या. एवढी चोपून साडी नेसलीस आणि ‘येतो’ काय? ‘येते’ म्हणावं. मीही गंमत म्हणून उंबऱ्यात उभा राहून, मान वेळावून म्हणालो, येते हं. तर आतून दोघंही एकदम म्हणाली, ये गं, ये.

खूप हसलो. आज पुन्हा तेच केलं.

२ सप्टेंबर, रविवार

अक्कांनी मनोरमाबाईंची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास, आणि काय साड्या! माणसानं मरावं आणि असली चंदेरी मागे ठेवावी. ब्लाउज मात्र मला होईना, दोन हुकं राहून गेली. अक्का म्हणाल्या, होईल. जोडवीही घातली. दाबून बसवावी लागली, पण पाय काय दिसतो म्हणून सांगू!

नीळकंठराव बराच वेळ पायांकडे बघत बसले होते. फोरमन माणूस, दिवसभर नटबोल्ट बघतो, त्याला एवढं सौंदर्य झेपत नसेल.

जाताना ‘येते’ म्हणायचं विसरलो तर अक्कांनी मागे बोलावून म्हणायला लावलं.

८ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष लागला. अक्कांनी आज हात धरून विचारलं, येत्या शनिवारी अविधवा नवमी, आमच्याकडे सवाष्ण म्हणून बसशील का? नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालतात, साडी देतात. अक्कांना स्वतःला बसता येत नाही, त्या विधवा. मला! माझ्या सख्ख्या बहिणीनं मला घरच्या फोटोतून कापून काढलं, आणि ही बाई मला पाटावर बसवते आहे. एका दमात हो म्हणालो.

ऑफिसात गोपीनाथला नुसतं विचारलं की पाटणकरांकडे नवमीला कोण जातं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. म्हणे मंडळातली एकही बाई जात नाही. गेल्या वर्षी क्लार्क विलासची बायको सुनंदा गेली होती, ती अर्ध्या ताटावरून उठून पळाली. सांगत होती की हात माझा होता, पण जेवत दुसरंच कोणी होतं. तेव्हापासून त्या गल्लीतून जात नाही.

ग्रेड तीनच्या बायकांना दुपारी झोप लागली नाही की असली भुतं दिसतात. पुरणाचं अजीर्ण झालं असेल.

११ सप्टेंबर, मंगळवार

ब्लाउज झाला. सगळी हुकं लागली, वर बोटभर जागा उरली. मी बारीक झालेलो नाही, ऑफिसची पँट तशीच बसते. म्हणजे सकाळी तरी बसली. ब्लाउज उसवून मोठा केला असेल म्हणून उलटून पाहिला. शिवण जुनीच आहे.

जोडवी निघत नाहीत. साबण लावला, खोबरेल लावलं. बुटात बोट ठणकतं. अक्का म्हणाल्या, सवाष्णीनं काढायची नसतात मुळी.

आज संध्याकाळी ती चंदेरी नेसले आणि

~~नेसले~~ नेसलो. नेसलो. हात घसरला.

१२ सप्टेंबर, बुधवार

चहाच्या वेळी अक्कांनी हाक मारली, मनू. मी ओ दिली. मग लक्षात आलं की माझं नाव विनायक आहे.

नीट सांगून टाकलं. म्हटलं, अक्का, तुमचे उपकार आहेत, पण मला विनायकच म्हणा. साडी नेसलो तरी विनायक, सोडली तरी विनायक. त्या माझ्याकडे बघून हसल्या. आपण लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला हसतो, तशा. नीळकंठराव म्हणाले, तिला आल्याचा चहा आवडतो, आलं घाल.

मला आल्याचा चहा आवडत नाही. दोन कप प्यायलो.

१३ सप्टेंबर, गुरुवार

कपडे गेले. पँटी, शर्ट, लेंगे, सगळे. अक्कांनी संध्याकाळी मी साडीत असताना बोहारणीला देऊन टाकले. त्याच्या बदल्यात स्टीलचं ताट घेतलं. मला कौतुकानं दाखवलं, बघ कसं लख्ख आहे, नवमीला तुला यातच वाढीन.

मी ओरडलो. माझा आवाज — बारीक होता. त्यांना काहीच वाटलं नाही.

मग भिंतीआड त्या भावाला सांगत होत्या ते ऐकलं. म्हणत होत्या, तू उगाच काळजी करतोस नीळू. गेल्या वर्षीची आगंतुक होती, हिचं तसं नाही. ही रोज उंबऱ्यात उभी राहून सांगते आहे, येते म्हणून. आपण रोज ‘ये’ म्हणतोय. आता यायलाच हवं तिला.

मी निरोप घेत होतो. आपल्यात जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी निघताना म्हणत होतो. पण तोंड माझं, साडी तिची, उंबरा तिचा. येते कोण म्हणत होतं?

किती गाढव आहे मी. आयुष्यभर दारं बंद करणाऱ्यांना हसलो. इथे दार उघडं दिसलं तर कुणासाठी उघडलंय ते विचारलंसुद्धा नाही. यांना मी नको होतो. यांना माप हवं होतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पळालो. साडीतच. बघू दे टाउनशिपला, घालू दे गोपीनाथला मंडळाच्या बुलेटिनमध्ये. क्वार्टरच्या फाटकापाशी पोचलो, आणि तोंडातून आपोआप आलं — येते.

आतून आवाज आला, ये गं.

पाय वळले. माझे पाय, जोडव्यांसकट. स्वयंपाकघरात जाऊन खिडकीजवळच्या पाटावर बसले. पाय बसले म्हणतोय मी. मी नाही.

‘जातो’ म्हणायला हवं. तेवढंच. तो शब्द घशात अडतो. लहानपणी कधी चुकून ‘जातो’ म्हटलं की आई तोंडावर चापट मारायची. तसं म्हणू नये रे, येतो म्हणावं. जातो म्हणणारा परत येत नाही.

नकोच आहे मला परत यायला. आई, एकदा म्हणू दे.

१५ सप्टेंबर, शनिवार

जेवण झालं. लिहून ठेवते

लिहून ठेवतो.

ताटात माझं तोंड दिसत होतं. माझ्याच पँटींचं ताट — वरण, खीर, वडे, अळूची भाजी. मला अळू खाजतं. सगळं संपलं. हात थांबेना. ताटात दिसणारं तोंड माझ्याआधी चावत होतं.

नीळकंठराव रडले. म्हणाले, किती दिवस उपाशी होतीस. कुणीही माझ्यासाठी कधी असं रडलेलं नाही. आत्ताही माझ्यासाठी रडले नाहीत.

साडी दिली. हिरवी. अंगावरची सोडून ती नेसायला गेले — गेलो — तर अंगावरची सुटत नाही. निऱ्या सापडत नाहीत. पदराचं टोक सापडत नाही. ओढलं तर दुखतं —

घडी घालायची होती मला. एवढंच हवं होतं. नेसायची आणि घडी घालून —

१६ सप्टेंबर

ट्रंकेत माझी जांभळी माहेश्वरी सापडली. अक्का म्हणते ही कुणाची गं, आपली नव्हे. बोहारणीला देऊ म्हणते.

माझी आहे. जवाहर चौक. बिल्कुल मेरे जैसा.

नाव लिहून ठेवतो. विनायक. विनाय

आलं किसायला बोलावते आहे. चहाची वेळ झाली. नीळू येतील इतक्यात — नीळकंठराव. नीळकंठराव येतील.

उंबऱ्यात उभं राहायचं. मोठ्यानं म्हणायचं. तोंडानं होत नसेल तर लिहायचं, लिहिलेलंही म्हटल्यासारखंच. आधी लिहितो. अक्षर माझंच आहे अजून, थोडं तिरकं झालंय, पण माझं.

मी येते

नाही. पुन्हा. एकच अक्षर लागतं शेवटी, ‘तो’, माझं एवढंच उरलंय.

मी जा