पाण्यातला तिसरा माड

॥ श्री ॥
फुलपाडा, विरार (पूर्व)
२४ ऑगस्ट १९९७

ती. सौ. मनोरमाताईस,
चंद्रहासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

या खेपेस खुशालीआधी यादी देतो, म्हणजे मी नुसते पासपोर्ट फोटो काढतो असं म्हणायला भाऊजींना तोंड राहणार नाही. फोटो मोठा करायचं यंत्र: दुधाच्या पावडरीचा डबा आणि शिलाई मशिनचा लोखंडी दांडा. रंगीत कागद धुवायचं नळकांडं: प्लास्टिकचा पाइप, दोन्ही तोंडांना बुचं, आत उजेडाचा कण जात नाही. रसायन अडतीस अंशांवर ठेवणारी पेटी: माशांच्या टाकीचा हीटर, त्याचा खटका खोलून मी वर सरकवला. कॅमेऱ्याची सागवानी तिवई. न्हाणीघराच्या दाराला काळं रबर, की झाली डार्करूम. सगळं या नववी पास हातांनी केलेलं. कुणी शिकवलं नाही, कुणाला विचारलं नाही.

आता मुद्दा. गिरगावातल्या एका कॅलेंडरवाल्यांना डोंगरातल्या तळ्याचं चित्र हवंय, ढगाळ, उदास. खाली फोटोग्राफरचं नाव छापतात. पंचवीस वर्षं मी लोकांची नावं पाकिटांवर लिहितोय. एकदा माझं छापून यावं, एवढंच.

तळं म्हटल्यावर दुसरं आठवेना. कामण गावाच्या मागचं, आपण राहायचो त्या चौकीचं. आपला धाकटा श्रीरंग तिथे बुडाल्यापासून पस्तीस वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. शेजारच्या थॉमसने स्कूटरवर नेलं. वाटभर म्हणत होता की देवळात जाताना तरी एवढा गंभीर होत जा.

धुकं डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलं होतं. आभाळ एक भाग, पाणी दोन भाग, असं बसवलं. अण्णांच्या चौकीची पडकी भिंत चौकटीबाहेर ठेवली. डावीकडे दोन माड, एक तुझा, एक माझा. आपल्या जन्मी अण्णांनी नाळ पुरून लावलेले. वारा पडायला एक तास चाळीस मिनिटं थांबलो.

चित्र उत्तम आलंय. एकच खोड आहे. काठावर माड दोन, पाण्यात तीन.

आधी वाटलं, नळकांड्यात कागद घासला असेल. नऊ प्रती काढल्या. रंगांचं शास्त्र उलटं असतं, पिवळी काच वाढवली की चित्र निळं होतं. मी पायरीपायरीने वाढवत गेलो. डोंगर निळा झाला, पाणी निळं झालं, आपले दोन्ही माड काळेनिळे झाले. तिसरा हिरवाच राहतो, भर दुपारच्या उन्हातला हिरवा. त्या सकाळी ऊन नव्हतं, ताई.

एक प्रत सोबत पाठवतोय. आईला दाखवू नकोस. गणपतीला येणं होणार नाही.

तुझा, आणि आईचा, लोभ आहे तेवढा पुरेल. कमी मात्र करू नये.
चंद्रहास

*

सिन्नर
१ सप्टेंबर १९९७

चि. चंद्रहास यास मनोरमाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. यादी ह्यांना वाचून दाखवली. ह्यांचं म्हणणं, एवढं येतं तर आमचा मिक्सर दुरुस्त करून दे.

फोटो बघितला. ह्यांना काही न सांगता नुसतं मोजायला लावलं. वर दोन, खाली तीन म्हणाले, मग चष्मा पुसून पुन्हा मोजले आणि दुकानात गेले. मी तो तांदळाच्या डब्यात, तळाशी ठेवलाय. रोज भात टाकताना हात थबकतो.

चंदू, अरे, बायकांच्या गालावरचे देवीचे व्रण तू ब्रशने असे घालवतोस की त्यांच्या आयांनाही सापडत नाहीत. तुला एक माड जड आहे का? पुसून टाक आणि देऊन टाक. तुझं नाव छापून येऊ दे. श्रीरंगचा माड आईने त्याच्या तेराव्यालाच काढला होता, हे तुलाही ठाऊक आहे. नसलेल्याला कशाला धरून बसतोस?

आणि एक विचारते, पस्तीस वर्षांत विचारलं नाही. त्या दुपारी तू त्याच्याजवळ होतास. झोप लागली असं तू सांगितलंस. तुला दुपारी कधी झोप येत नसे.

औषधं वेळेवर घे. मोदक तुझ्या नावाचे थॉमसलाच खायला घाल. माया आहे ती पोस्टाने पाठवता येत नाही म्हणून हे चार शब्द.
तुझी ताई

*

फुलपाडा
१४ सप्टेंबर १९९७

ती. ताईस सा. न.

पुसायला बसलो. तीन नंबरचा ब्रश, रंग कालवून तयार. ब्रश टेकवला की तेवढी जागा ओली राहते, सुकतच नाही. दोन दिवस ठेवून पाहिली. मग निगेटिव्ह दादरच्या एका लॅबला दिली, म्हटलं यंत्राला ना भाऊ ना बहीण. त्यांच्या प्रतीतही तीन. काउंटरवरच्या मुलीने विचारलं की काका, हे मुद्दाम केलंय का, छान दिसतंय.

काल थॉमसला घेऊन पुन्हा गेलो. त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, वर दोन, पाण्यात दोन. मग कॅमेऱ्यातून पाहायला लावलं. त्याने छातीवर क्रूस केला, आणि मला म्हणाला की, चंदू, हा हलत नाहीये. वारा होता. पाण्यातले आपले दोघे थरथरत होते आणि तो स्थिर उभा होता.

ते ऐकून मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. का ते आता लिहितो.

त्या दुपारी मी झोपलो नव्हतो. पहिली गोष्ट मी स्वतःच्या हातांनी केली ती तेव्हा: बिस्किटाच्या डब्याचा कॅमेरा. पुढे सुईचं भोक, मागे तेल लावलेला कागद. डोक्यावर अण्णांची घोंगडी घेतली की त्या कागदावर तळं उलटं दिसायचं. श्रीरंगला मी पाण्याच्या खालच्या पायरीवर उभा केला. तिथे शेवाळ होतं. तो चुळबुळ करी, म्हणून मी ओरडलो की हलू नकोस, हललास तर तू येणार नाहीस. तो इतका स्थिर राहिला, ताई. चार वर्षांचं पोर. मग कागदावर त्याने एक हात केला. उलट्या चित्रात वर काय, खाली काय, मला कळलं नाही. मला वाटलं टाटा करतोय. मी घोंगडीतून पुन्हा ओरडलो, हलू नकोस म्हणून.

घोंगडी काढली तेव्हा पायरी रिकामी होती.

हे आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याने होत नाही. कॅलेंडरवाले एक तारखेला येणार आहेत.

या पत्रानंतर लोभ राहिला तर कळव.
चंद्रहास

*

सिन्नर
२२ सप्टेंबर १९९७

चि. चंद्रहास यास आशीर्वाद, पहिल्या पत्रातल्याइतकेच. मोजून घे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लपवायला डबा उघडला तर फोटो डब्यात नव्हता. आई ओटीवर बसली होती, फोटो मांडीवर. मोतीबिंदूने तिला माणूस ओळखू येत नाही, पण ती त्यावरून बोट फिरवत होती आणि बोट बरोबर त्याच जागी थांबत होतं. म्हणाली की एवढंच गार लागतंय.

मग मी तिला सगळं वाचून दाखवलं. रडेल वाटलं होतं. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे. ती बांधावर कपडे वाळत घालत होती, तिने तुला घोंगडीखाली पाहिलं होतं. धावली, पण बांध लांब. तुला बोलली असती तर तिचा दुसराही गेला असता, तू तापाने फणफणला होतास. म्हणून झोपेची गोष्ट तिनेच धरून ठेवली.

आता जे तुला ठाऊक नाही ते. तेराव्याला तिने माड तोडला नाही. खडकाळ जागेत खुरटलेला, तुझ्या कमरेएवढा होता. तिने तो मुळासकट उपटला, नाळेच्या मातीसकट. मी तेरा वर्षांची, मीच दुसऱ्या बाजूने धरला होता. तिने तो त्याच पायरीवरून पाण्यात सोडला, पोराला सावली पाहिजे म्हणून. माड तरंगतो, चंदू. तो तरंगला नाही. उभाच्या उभा खाली गेला. कुणाला सांगू नकोस असं तिने मला शपथेवर सांगितलं होतं. आज शपथ तिनेच सोडवली.

पितृपक्ष चालू आहे. सर्वपित्रीला श्रीरंगच्या नावाचं पान वाढायचं का विचारलं, तर नको म्हणाली. तिने फक्त एक निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते: चंदूला मोजायची लई सवय हाय, तर त्याला म्हनावं पान्यातला किती वाढला तेवढं नीट मोजून कळव.

उलट टपाली लिही. वाट दोघी बघतोय.
ताई

*

फुलपाडा
३ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस व ती. आईस साष्टांग नमस्कार.

मोजलं. आईला असंच वाचून दाखव. परवा ऊन बघून तिथे गेलो, जमिनीवर काठी उभी करून सावलीवरून माझा माड मोजला: बेचाळीस फूट. चित्रात माझ्या माडाचं प्रतिबिंब एकशे सव्वीस मिलिमीटर, त्याचं एकशे चौदा. म्हणजे अडतीस फूट. माझ्याहून चार फूट कमी, धाकट्याला शोभेल एवढाच. भिंगाने पाहिलं: खोड सरळ आहे, कीड नाही, झावळ्या एकवीस. नारळ धरलेत. सात दिसतात, मागच्या बाजूचे दिसत नाहीत. बुडाशी सावली पडलीय. वर दोघांना सावली नाही, त्या दिवशी ऊनच नव्हतं. त्याच्याखाली मात्र आहे, पायरीभर.

आईसाठी मोठी प्रत काढलीय, वीस बाय चोवीस इंची. ब्रश लावलेला नाही. पत्र्याच्या नळीत घालून थॉमसचा भाचा फ्रेडरिक नाशिकला येतोय त्याच्याबरोबर धाडतोय. भिंतीला लावा, पण ओल येणाऱ्या भिंतीला नको. तो गार भाग पुसू नका.

मला आता झोप लागते. दुपारचीही.

आईच्या पायांवर डोकं. तुझी माया मोजायला माझ्याकडे काठी नाही, तेव्हा अंदाजाने घेत जाईन.
तुझा चंदू

ता. क. कॅलेंडरवाले येऊन गेले. चित्र हातात घेऊन दहा मिनिटं उभे होते. पाण्यातला जास्तीचा माड तेवढा पुसून द्या, नाहीतर लोक छपाईची चूक म्हणतील, म्हणाले; निगेटिव्ह कायमची त्यांना द्यायची, खाली नाव माझं, मोठ्या टायपात. तीस हजार रुपये देत होते. नाही म्हटलं.