मुलांना बघायला कुणी आहे का

३ सप्टेंबर, सोमवार

गेली! मुलांना सांभाळायला ठेवलेली बाई, येऊन सातवा दिवस, आणि गेली. निरोप मोबाईलवर — "ताई उद्यापासून जमणार नाही", आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. कारण नाही, काही नाही. मी उलट विचारलं, "काय झालं?" तर पुन्हा जोडलेले हात. आता त्या हातांना का विचारू, उद्या सकाळी आठ वाजता माझी मुलं कुणाकडे देऊ म्हणून?

थोरली चार वर्षांची, धाकटा दीड. मी त्रेचाळीस. "उशिरा का होईना, झाली ना!" म्हणणारे गावभर आहेत. त्यातला एकही तासभर येऊन बसत नाही.

साहेबांना फोन केला. माझी लांबलेली रजा तीस तारखेला संपते. म्हणाले, "एक ऑक्टोबरला हजर व्हा. नाहीतर तुमचा विभाग त्या नव्या तपासनिसाकडे जाईल, मग मला बोल लावू नका." नवा तपासनीस! लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तो अजून डोळे मिटतो. सोळा वर्षं मी या शहरातल्या लिफ्ट तपासतेय. दोर बघते, ब्रेक बघते, छतावर उभी राहून वरखाली जाते. आणि ह्या दोघांना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा धरून ठेवील असं एक माणूस मला सापडत नाही!

ह्यांना सांगितलं. "बघू," म्हणाले. ह्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना विचारतात, "आता दिसतंय? आणि आता?" घरी आले की फक्त "बघू".

४ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंचा फोन. "आम्ही पाच वाढवली हो. कुणाला ठेवलं नाही!"

खरं आहे. ठेवलं नव्हतं. दोन नणंदा, एक आत्या आणि एक चुलत जाऊ घरात होत्याच. त्या धरायच्या नसतात.

६ सप्टेंबर, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांची भाची पाठवली. कॉलेजात जाते, "मुलांची खूप आवड". आवड आहे, दिसलंच. मुलांची नाही, मुलांच्या व्हिडिओची. दुपारी मी दोन तास बँकेत जाऊन आले, तर धाकटा सोफ्यावर ह्यांचा गॉगल लावून बसलेला, थोरलीच्या ओठांना माझी लिपस्टिक, आणि ही गुडघ्यावर बसून शूटिंग करतेय. "ताई, थांबा ना, आत येऊ नका, फ्रेममध्ये येताय!"

माझ्या घरात. माझ्या दारातून. मी फ्रेममध्ये येतेय!

७ सप्टेंबर, शुक्रवार

भाचीला नारळ दिला. काकू जिन्यात भेटल्या, तोंड फिरवून गेल्या. म्हणजे आता अडीअडचणीला साखरही मागायची सोय उरली नाही.

रात्री पांघरूण घातलं तर थोरली डोळे मिटून म्हणाली, "आवडलं तर लाइक करा, आणि बेल दाबायला विसरू नका."

१० सप्टेंबर, सोमवार

आज संस्थेची बाई. "प्रशिक्षित, प्रमाणित." फाईल घेऊन आली. मी तिला चार प्रश्न विचारणार होते, तिने मला एकोणीस विचारले! मुलगी बघायला आल्यासारखी घरभर फिरली, पडदा बोटाने उचलून पाहिला, फ्रीज उघडला. "घरात आवाज वरचा असतो का?" तोवर नव्हता.

शेवटी म्हणाली, "मॅडम, आधीच स्पष्ट करते. शी-शू, भरवणं, झोपवणं हे माझ्याकडे येत नाही. मी बौद्धिक विकास बघते."

आमचा बौद्धिक विकास त्या वेळी बूट चाटत होता.

म्हटलं, "मग बाकीचं कोण करणार?"

"त्यासाठी मदतनीस ठेवा ना."

म्हणजे हिच्या हाताखाली एक! दारापर्यंत सोडायला गेले नाही. फाईल विसरून गेली, ती मात्र धावत जाऊन दिली. उगाच परत यायला नको.

१३ सप्टेंबर, गुरुवार

दुधवाल्याने एक बाई आणून दिल्या. साध्या, शांत, पन्नाशीच्या. कमी बोलतात. मला आवडल्या. सगळं नीट सांगितलं — खाणं कुठे, औषध कुठे, फोन नंबर भिंतीवर — आणि निघताना म्हटलं, "मी कोपऱ्यावर जाऊन येते. तोवर मुलांना बघा हं, बाई."

"बघते की ताई. निर्धास्त जा."

निर्धास्त गेले. पाऊण तासाने आले. बैठकीत पीठ. अख्खा डबा! जमिनीवर, सोफ्यावर, टीव्हीच्या फटींत. मधोमध धाकटा पांढराफटक, पापण्यांसकट. थोरली कात्रीने — कात्रीने! — माझ्या रजेच्या अर्जाची प्रत कापतेय. आणि बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर, दोघांवर नजर खिळलेली.

"बाई!! हे काय?"

"काय माहीत बाई. आधी त्याने झाकण काढलं. मग उलटा केला. मग तिने कात्री आणली. मी बघत होते ना. एकदासुद्धा डोळा हलवला नाही."

राग कुणावर काढू? शब्द माझा होता. आपण सगळेच म्हणतो, "मुलांना बघा." ह्यांचं "बघू", सासूबाईंचं "अगं बघेल कुणीतरी", साहेबांचं "बघा बुवा काय जमतं ते". या घरात खरोखर बघणारं पहिलंच माणूस आलं, आणि नेमकं तेच परवडणारं नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पीठ अजून निघतंय. आज टीव्हीच्या रिमोटमधून.

१७ सप्टेंबर, सोमवार

ह्यांनी शेवटी "बघितलं". काय बघितलं? तर आपली मावशी. "घरचं माणूस, विश्वासाचं, एकटीच असते बिचारी." शनिवारी बॅगा घेऊन हजर. बॅगा — अनेकवचन.

तीन दिवसांचा अहवाल: मावशींना नऊच्या आधी उठवत नाहीत. मावशींना गार पाणी चालत नाही, गरम सोसत नाही. मावशींचा चष्मा धाकट्याने लपवला, तो मी शोधला. मावशींची दुपारची झोप मुलांमुळे मोडली, म्हणून मुलांना मी बाहेर नेलं. संध्याकाळी थोरली माझ्या कानात म्हणाली, "आई, ह्या आजींना कोण सांभाळणार?"

मी. अजून कोण!

ह्यांना म्हटलं, "दोन होती, तीन झाली."

"अगं, जरा रुळू दे तिला."

मावशी रुळल्यात. आपलं रुळावरून घसरायला लागलंय.

१९ सप्टेंबर, बुधवार

मावशी गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या घरी फार दगदग होते बाई."

२० सप्टेंबर, गुरुवार

सहा फोन. एक उचलला गेला. राँग नंबर.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

आज जेवताना हे म्हणाले — अगदी मऊ आवाजात, म्हणजे कधीपासून घोकत असणार — "तू अजून वर्षभर घरी राहिलीस तर? धाकटा जरा मोठा होईल."

"आणि विभाग?"

"विभाग काय, मिळेल दुसरा."

मिळेल दुसरा! सोळा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मशीनरूममध्ये गेले तेव्हा चौकीदाराने विचारलं होतं, "तपासनीस साहेब मागून येतायत का?" ते "साहेब" मागून यायचे बंद व्हायला मला सात वर्षं लागली. आता त्या विभागात माझं नाव काढलं की इमारतवाले ग्रीस पुसायला धावतात. ते मी सोडायचं, आणि ह्यांनी दुकानात बसून "आता दिसतंय?" विचारत राहायचं?

म्हटलं, "तुम्हीच वर्षभर घरी राहा."

घास तोंडात तसाच. "मी? दुकान कोण बघणार?"

दुकानाला बघायला माणूस लागतं. बरोबर. मुलं आपोआप वाढतात!

ताट उचलून आत गेले. नळ सोडून रडले. दोन मिनिटं. तेवढीच मिळाली.

२४ सप्टेंबर, सोमवार

आशा ठेवायची नाही असं ठरवून लिहितेय. आज एक बाई आल्या. गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या, तो बंद पडला. सव्वीस वर्षं मशीनवर. मुलं सांभाळायचा अनुभव? "भावाची चार वाढवलीत." बस्स, एवढंच. प्रमाणपत्र नाही, हसणं नाही, "किती गोड" नाही.

आत येऊन पदर खोचला आणि धाकट्यापुढे उकिडव्या बसल्या. "नमस्कार साहेब. तोंडात काय आहे? दाखवा." साहेबांनी मुकाट्याने ह्यांच्या दुकानातला स्क्रू काढून हातावर ठेवला!! चार दिवस तो स्क्रू आम्ही सगळे शोधत होतो.

मी या वेळी शब्द जपून वापरला. म्हटलं, "मुलांना सांभाळायचं आहे."

"मग काय नुसतं बघायचं?" म्हणाल्या.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवस. रोज पावणेआठ. शिवणबाई म्हणतो आम्ही. धाकट्याला "अहो-जाहो", थोरलीला "सुपरवायझर". सुपरवायझर आता कपड्यांचे चिमटे रंगावारी लावते आणि साहेब ते मोडतात, दोघांनाही दिवसभर काम आहे. थोरलीने हट्टाने जमिनीवर अंग टाकलं तर शिवणबाई शेजारी बसून भाजी निवडतात. "झालं की सांगा, घाई नाही." दोन मिनिटांत झालं.

संशय येतोय. कुठेतरी काहीतरी असणारच.

१ ऑक्टोबर, सोमवार

हजर झाले! नवा तपासनीस माझ्या खुर्चीतून उठला, उशीसुद्धा स्वतःची आणली होती मेल्याने. दुपारी अकरा मजली इमारत, दोराच्या तीन तारा तुटलेल्या, लिफ्ट जागीच बंद केली. सोसायटीचे सेक्रेटरी ओरडत होते. किती दिवसांनी कुणीतरी मोठा माणूस माझ्यावर ओरडला! बरं वाटलं.

घरी आले तर मुलं जेवलेली, आंघोळ झालेली, घरात शांतता. हे म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो, मिळेल?"

हे म्हणत नव्हते.

९ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही. हे वाक्य मी वर्षभरात लिहिलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, बुधवार

काकूंनी जिन्यात शिवणबाईंना गाठून विचारलं, "किती वेळ जातो हो तिथे? आमच्याकडे याल का?" माझ्याच दारात, माझीच बाई! शिवणबाईंनीच येऊन सांगितलं. काही लोकांना लाज म्हणून नसते.

२२ ऑक्टोबर, सोमवार

दार लावता लावता शिवणबाई म्हणाल्या, "ताई, एक बोलायचं होतं."

त्यांच्या घरामागे इस्पितळ आहे, तिथल्या पाळणाघरात जागा निघालीय. कायमची. दुपारी दोनला सुटी. "वडील अंथरुणावर आहेत ना. आता शेजारीण एकदा डोकावते, तेवढंच. दुपारी घरी गेले तर त्यांना कूस तरी बदलून देता येईल." तिथल्या मुख्य बाई आधीच्या घरी विचारतात म्हणे. माझा नंबर दिलाय. "दोन शब्द बोला, ताई. तुमच्या बोलण्याला वजन आहे. आणि तुम्हाला माणूस मिळेपर्यंत मी थांबेन, सांगितलंय त्यांना."

पहिलं काय आलं मनात? विश्वासघात! मी शिवणबाईंना घरच्यासारखं वागवलं, माझ्याच कपात चहा दिला, आणि ह्या माझाच नंबर देऊन निघाल्या! भांडी आदळली. हे विचारत होते काय झालं, सांगितलं नाही.

मग आठवलं. मुलांचे रक्तगट, डॉक्टरांचे नंबर, कुठल्या गोळीने अंगावर उठतं, हे सगळं मी ह्या बाईंकडून पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं. घरी कोण असतं, हे चार आठवड्यांत विचारलं नव्हतं.

तरी माणूस मिळेपर्यंत म्हणजे किती? मला माणूस मिळत नाही. हे तर सिद्ध झालंय.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा वाजता मशीनरूममध्ये असताना फोन आला. आवाज भला होता. कशा आहेत, मुलांशी कशा वागतात, सगळं विचारलं. म्हटलं, "मुलांशी चांगल्या आहेत." मग म्हटलं, "वेळेचं तेवढं खरं नाही हो त्यांचं." पलीकडून त्यांनी आभार मानले.

संध्याकाळी शिवणबाईंनी विचारलं, "फोन आला होता का, ताई?"

"नाही," म्हटलं.

"येईल," म्हणाल्या, आणि थोरलीची वेणी घालत बसल्या.